न्यायाधीशपदासाठी अर्ज करावा का? आणि खुर्चीवर कोण बसतं याने काही फरक पडतो का?

कुळागरातली
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी फोंड्याला वकिली करते. बहुतेक दिवाणी कामं: मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे), वाटण्या, इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी), मधूनमधून चेक बाउन्स. तीन वर्षं वकिलीची अट माझी पूर्ण झाली आहे, तेव्हा दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदाची पुढची जाहिरात आली की अर्ज करावा असं मनात आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. समाज गावडा, म्हणजे इथली अनुसूचित जमात. बाबा पाडेली (माडावरचे नारळ पाडणारे), आई भाजी घेऊन बाजारात बसते.

बार रूममध्ये हे बोलले तर दोन तऱ्हेचे सल्ले मिळाले. एक ज्येष्ठ म्हणाले, "कर गो अर्ज, तुमच्या कोट्यातून होऊन जाईल." दुसरे म्हणाले, "समाज वगैरे मनात आणूच नको, कायदा तोच, न्यायाधीश कोणीही असो." पहिलं ऐकून राग आला. दुसरं पटलं नाही, पण का पटलं नाही ते तिथल्या तिथे सांगताही आलं नाही.

तर प्रश्न दोन. अर्ज करावा का? आणि न्यायासनावर वेगवेगळ्या घरांतली माणसं आल्याने पक्षकाराला खरंच काही मिळतं का, की ती नुसती शोभा?

डिचोलकर
पहिल्याचं उत्तर: करावा. दुसऱ्यासाठी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

आल्तिनो_निवृत्त
बाय, अर्ज जरूर करा.

माझी वकिली उच्च न्यायालय पणजीत आल्तिनोला लिसेवच्या (जुन्या पोर्तुगीज शाळेच्या) इमारतीत होतं त्या काळातली. १९८२ साली मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आलं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनर होते. आता पर्वरीची नवी इमारत २०२१ पासून. त्या जुन्या दिवसांत आमच्याकडे पोर्तुगीज वाचणारे न्यायाधीश होते. वकील १९२० सालचं एस्क्रितूर (पोर्तुगीज खरेदीखत) पुढे करायचा आणि साहेब भाषांतराची वाट न बघता तिसऱ्या पानावरच्या चतुःसीमेवर बोट ठेवायचे. आज तोच कागद भाषांतरकाराकडे जातो आणि तारखेवर तारीख पडते. तुम्ही ज्याला विविधता म्हणता त्यात हेही धरा. वेगळं माणूस खुर्चीवर आलं की त्याच्याबरोबर वेगळं ज्ञान येतं.

तर्ककठोर
धागाकर्तीला शुभेच्छा, पण त्या दुसऱ्या वकिलाचंच मला पटतं. पोर्तुगीज येणं हे कौशल्य झालं, ते परीक्षेत तपासता येतं. जात, लिंग, घरची परिस्थिती ही कौशल्यं नव्हेत. गावडा न्यायाधीश गावड्यांना झुकतं माप देणार असेल तर तो अन्याय, आणि देणार नसेल तर तो गावडा असल्याने काय फरक पडला? या पेचातून कोणी सोडवून दाखवावं.

पेडण्याची_मावशी
@तर्ककठोर, मग आजवर ज्यांची माणसं खुर्चीवर होती त्यांनी झुकतं माप दिलं असं म्हणायचंय का तुम्हाला? नाही ना? मग आमची येताना तेवढी ही शंका बरी सुचते.

डिचोलकर
मावशी फॉर्मात.

मानशीचा_शेतकार
@तर्ककठोर, पेच सोडवता येईल की नाही ठाऊक नाही. घडलेलं सांगतो.

आमची खाजन शेती आहे, तिसवाडीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाऱ्या नदीला लागून शेत, मध्ये बांध, बांधात मानस. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात. मानशीतली मासळी पकडायचा हक्क पावणीने (लिलावाने) दिला जातो. पावणी घेतलेला माणूस लोभी निघाला तर भरतीला दार अडवून उघडं ठेवतो, म्हणजे सुंगटं (कोळंबी) आत येतात. सोबत खारं पाणीही येतं आणि भात गेलं.

आमचा असाच दावा चालू होता. कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला. तो सकाळी दहाला आला, नेमकी ओहोटी. दारं उघडी, पाणी बाहेर चाललेलं, शेताची कड कोरडी. त्याने रिपोर्ट दिला की सगळं यथास्थित. आमचा वकील तावातावाने बोलत होता, पण रिपोर्ट छापील आणि आमचं नुसतं तोंडी. मधल्या काळात न्यायाधीश बदलले. नवे आले ते बेटावरच वाढलेले. त्यांनी रिपोर्ट वाचला, मान वर केली आणि विचारलं, "ह्याच्यावर तारीख आहे, तिथी कुठे आहे?" क्लार्कला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं आणि पुन्हा पाहणीचा हुकूम दिला: अमावास्येच्या दिवशी, पूर्ण भरतीच्या वेळी. त्या दिवशी कमिशनर पोटरीभर पाण्यात उभा राहून टिपणं काढत होता. मानशीच्या दारात अडकवलेला दगड दोन्ही पक्षांच्या वकिलांनी बघितला.

त्या न्यायाधीशांनी आम्हाला झुकतं माप दिलं नाही. नुकसानभरपाई आम्ही मागितली त्याच्या निम्मीही मिळाली नाही. पण कुठला प्रश्न विचारायचा ते त्यांना ठाऊक होतं.

खंयचो_कोण
"तिथी कुठे आहे?" हे फ्रेम करून बार रूममध्ये लावा.

तर्ककठोर
किस्सा झकास, पण निष्कर्ष वेगळा काढायला हवा. ते सांगणं वकिलाचं काम होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक लावून फेरपाहणीचा अर्ज करता आला असता. वकील कमी पडला म्हणून न्यायाधीशाचा जन्म कुठे झाला याला महत्त्व आलं.

मानशीचा_शेतकार
अर्ज केला होता. आधीच्या साहेबांनी "विलंब करण्याचा डाव" म्हणून फेटाळला. आता बोला.

आल्तिनो_निवृत्त
दोघांच्या मधलं सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २६ खाली कमिशनर नेमता येतो आणि आदेश १८ नियम १८ खाली न्यायाधीश स्वतःही जागेवर जाऊन पाहू शकतो. अधिकार सगळ्यांना सारखेच. पण "येथे पाहणी गरजेची आहे" असं वाटणं हे त्या माणसाच्या मनावर सोडलेलं आहे. कायद्याच्या पुस्तकात 'न्यायालयास योग्य वाटल्यास' हे शब्द किती ठिकाणी येतात ते मोजा कधीतरी. कुणाला काय योग्य वाटतं हे त्याने आयुष्यात काय पाहिलंय त्यावरच ठरतं, दुसरं कशावर ठरणार?

सासष्टीकार
मी उलट बाजूने बोलतो. मला बाहेरचा न्यायाधीश बरा वाटतो. आमचा गोवा केवढा? जो इथला तो कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी व्याही. जत्रेत भेटणार, फेस्ताला भेटणार, आणि समोरचा पक्षकार त्याच्या मामाचा शेजारी. स्थानिक ज्ञान पाहिजे म्हणता, त्याबरोबर स्थानिक भीडही येते.

कुळागरातली
@सासष्टीकार, हा मुद्दा माझ्या डोक्यात आहेच. घरात विषय निघाला तेव्हा आईचा पहिला प्रश्न हाच: "मग तू कुणाच्या लग्नाला जायचं नाही का?"

न्यायदालन
सासष्टीकारांचा मुद्दा खरा, आणि आईचा प्रश्नही. माझी बहीण न्यायसेवेत आहे (तालुका सांगत नाही). लग्नाला जाते, पण वकील मंडळींच्या घरी जात नाही. गावच्या देवस्थानाच्या भानगडीत महाजन (देवस्थानाचे हक्कदार सभासद) म्हणून नाव असलं तरी बोलत नाही. फेसबुक बंद. जिवलग मैत्रिणी वकीलच होत्या, त्या सुटल्या. नात्यातला पक्षकार समोर आला तर प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवायला सांगावं लागतं, आणि छोट्या तालुक्यात ते वरचेवर होतं. एकटेपणा आहे त्यात. पगार चांगला आहे (दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगानंतर सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४०), पण पगारासाठी जाल तर पस्तावाल.

बाहेरच्याला भीड नसते म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, बाहेरून आलेला साहेब कुणाच्या गाडीतून देवदर्शनाला जातो ते बघितलंय का कधी? भीड स्थानिकाचीच असते असं नाही.

डिचोलकर
अवांतर: एप्रिलमध्ये काळा कोट घालून डिचोली कोर्टात उभं राहायचं बंद होईल एवढ्यासाठी तरी न्यायाधीश व्हावं. त्यांच्या डोक्यावर पंखा तरी असतो.

न्यायदालन
पंखा असतो. चालतो असं कोणी सांगितलं?

शिवोली_सांज
थोडे आकडे देते. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालानुसार जिल्हा न्यायसंस्थेत महिलांचं प्रमाण ३६.३ टक्के होतं. उच्च न्यायालयांत ते १३ टक्क्यांच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश यायला १९८९ उजाडलं, न्या. फातिमा बीवी. अॅना चांडी तर १९३७ साली त्रावणकोरात मुन्सफ झाल्या होत्या. त्यांनाही उच्च न्यायालयात पोचायला १९५९ लागलं. समाजांचं बघायचं तर सरकारने संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे २०१८ पासून २०२४ पर्यंत उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६८४ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २१, अनुसूचित जमातींचे १४, इतर मागासवर्गीय ८२ आणि अल्पसंख्याक ३७.

खाली परीक्षा घेऊन निवड होते तिथे आकडा बरा आहे. वर नावं सुचवली जातात तिथे घसरतो. यावर तर्ककठोरांचं मत वाचायला आवडेल.

तर्ककठोर
माझं मत माझ्याच बाजूने जातं की! परीक्षा घ्या, पारदर्शक निवड करा, विविधता आपोआप येईल. मुद्दाम आणायची गरज नाही.

आणि विविधता आली की निकाल बरे येतात हे गृहीत धरू नका. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यात "त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही, म्हणून या कलमाखालचा लैंगिक अत्याचार नाही" असा निकाल दिला. न्यायाधीश महिला होत्या.

शिवोली_सांज
पुढचं अर्धं राहिलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला, आणि त्या खंडपीठातला मुख्य निकाल लिहिला न्या. बेला त्रिवेदींनी. म्हणून प्रत्येक बाई बरोबर असते असं मी म्हणणार नाही. एकच बाई असली की तिचा प्रत्येक निकाल 'बायकांचा निकाल' होतो, हे मात्र म्हणेन. पुरुषाने चुकीचा निकाल दिला तर पुरुषजातीला कोणी जाब विचारत नाही.

याच विषयातलं जुनं उदाहरण मथुराचं. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी. रात्रीच्या ठाण्यात वर्दीसमोर एक गरीब आदिवासी पोरगी आरडाओरडा करेल असं ज्यांना वाटलं, ते आयुष्यात कधी वर्दीला घाबरले नसावेत. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला.

तर्ककठोर
मथुराचा मुद्दा मान्य. तिथे मी वाद घालत नाही.

खंयचो_कोण
तर्ककठोर "मान्य" म्हणाले. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

मराठीप्रेमी_फोंडा
हे सगळं ठीक. पण सरकारी भरतीत कोंकणी आवश्यक आणि मराठी फक्त इष्ट, यावर कोणी बोलणार आहे का? आमची अर्धी मुलं मराठी शाळेतून

सासष्टीकार
आली ही गाडी. १९८७ चा राजभाषा कायदा वाचा एकदा.

मराठीप्रेमी_फोंडा
वाचलाय. त्याच कायद्यात मराठीचाही वापर

व्यवस्थापक
भाषावाद या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. पुढचे आठ प्रतिसाद उडवले आहेत.

पेडण्याची_मावशी
माझा उडवलेला प्रतिसाद मासळीच्या भावाबद्दल होता हो.

वेळिपांचो_पूत
कुळागरातली ताई, तुमच्या त्या ज्येष्ठांच्या "कोट्यातून होऊन जाईल" बद्दल लिहितो, कारण तेवढं सोडून सगळे बाकी बोलले.

गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. म्हणजे जन्मापासून त्या दर्जाखाली वाढलेली आमची पहिली पिढी आत्ता कुठे अर्ज भरण्याच्या वयात येते आहे. तोवर आम्ही कोर्टात होतो ते मुंडकार म्हणून, कूळ म्हणून, नाहीतर आरोपी म्हणून. मी काणकोणला आजोबांबरोबर तारखेला जायचो. आजोबा दाराबाहेर चप्पल काढून आत जायचे. कोणी सांगितलेलं नसायचं, तरी काढायचे. पट्टेवाला हसायचा.

राखीव जागा असली तरी लेखीला बसावंच लागतं, निकालपत्र लिहावंच लागतं, तोंडीला तीन जणांसमोर घाम येतोच. "होऊन जाईल" असं काही नसतं. तुम्ही त्या माणसाला उत्तर देण्यात वेळ घालवू नका. उद्या निकालपत्रावर तुमची सही असेल आणि ते अपील घेऊन वर जातील. जाऊ देत.

कुळागरातली
हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. देव बरें करूं, भाई.

आल्तिनो_निवृत्त
चपलेचं वाचून वाईट वाटलं. असे पक्षकार मीही पाहिले आहेत आणि त्यांना "घाला हो" म्हणायला मला कधी सुचलं नाही.

न्यायदालन
आता तीन वर्षांच्या अटीबद्दल बोलू, कारण तीही या विषयातलीच आहे. १९९३ मध्ये अट होती, २००२ मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून काढली, २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने परत आणली. कारण दिलं ते असं की कोर्ट न पाहिलेली मुलं थेट खुर्चीवर बसली की अडचणी येतात. बरोबर आहे. बहिणीकडूनही हेच ऐकते.

पण ही तीन वर्षं कुणाला परवडतात? ज्युनियरला महिन्याला मिळतात ते पैसे बसभाड्यात जातात. बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. सुचवलं हो, बंधन नाही. वडिलांचं चेंबर असलेल्याची तीन वर्षं आरामात जातात. ज्या मुलीला घरून "नोकरी कधी लागणार, लग्नाचं काय" विचारतात तिची जात नाहीत. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने उंबरठा वर करायचा.

तर्ककठोर
इथे मी न्यायदालन यांच्याशी पूर्ण असहमत. वीस-बावीस वर्षांच्या पोराने माझ्या घराच्या वाटणीचा निकाल द्यावा हे मला नको. उपाय अट काढणं नाही, ज्युनियरला पैसे देणं आहे.

न्यायदालन
मग आपण सहमत आहोत. पैसे कोण देणार तेवढं सांगा.

शिवोली_सांज
आणखी एक राहिलं. दृष्टिहीन उमेदवारांना न्यायसेवेतून वगळता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ ला दिला. मध्य प्रदेशच्या एका नियमावरून सुरू झालेलं प्रकरण. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. गोव्यातल्या तालुका कोर्टांच्या पायऱ्या चढून पाहिल्यात कोणी? रॅम्प, लिफ्ट?

डिचोलकर
आमच्याकडे वकिलांनाच धाप लागते.

आल्तिनो_निवृत्त
मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागाकर्ती बिचारी जाहिरात निघून जाईपर्यंत आपलेच वाद वाचत बसेल.

बाय, कामाचं सांगतो. जाहिरातीतला अभ्यासक्रम शब्दन् शब्द वाचा. संहिता, पुरावा, करार, मालमत्ता हे सगळे करतात. वेगळं दिसायचं असेल तर गोव्याचं पक्कं करा: १९७५ चा मुंडकार कायदा, १९६४ चा कूळ कायदा, आणि वारसा व इन्व्हेंटरीचा २०१२ चा कायदा जो २०१६ च्या अखेरीस लागू झाला. विवाहाबरोबर येणारी समाईक मालमत्ता आणि अर्ध्या हिश्शाचा हिशेब तोंडपाठ हवा. खुर्चीवर बसल्यावर पहिल्या आठवड्यात तेच समोर येईल.

निकालपत्र लिहायचा सराव रोज. वाद काय, मुद्दे कोणते, पुरावा काय, निष्कर्ष काय. इंग्रजी अलंकारिक नको. हरलेल्या पक्षकाराला आपण का हरलो ते त्याच्या वकिलाने चार वाक्यांत समजावता यावं, इतकं सोपं लिहा.

तोंडीत "तुम्हाला न्यायाधीश का व्हायचंय?" हा प्रश्न येतोच. तिथे समाजसेवा वगैरे सांगू नका, सगळे तेच सांगतात. इन्व्हेंटरीत काय अडतं, मुंडकाराच्या घराच्या पाहणीत काय सुटतं, ते सांगा. जे पाहिलंय ते.

वेळिपांचो_पूत
आणि पुढची वाटही माहीत असू दे. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला आधी फक्त सात वर्षं वकिली केलेले बसू शकायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने सांगितलं की सेवेतल्या न्यायाधीशांनाही वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं झाली की बसता येईल, किमान वय ३५. आत्ता खालच्या पायरीवर शिरलात म्हणून वरचं दार बंद होत नाही.

कुळागरातली
सर्वांचे मनापासून आभार. अर्ज करणार आहे. सासष्टीकारांच्या भिडेच्या मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. नेमणूक झालीच तर दुसऱ्या तालुक्यात मिळाली तर बरं, एवढंच वाटतं. आईला लग्नांचं सांगितलं. ती म्हणाली, जेवायला नको जाऊस, अक्षता टाकून ये.

आता एक व्यावहारिक अडचण. वकिलीच्या तीन वर्षांचं प्रमाणपत्र दहा वर्षं झालेल्या वकिलाकडून घ्यायचं आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं अनुमोदन हवं. दहा वर्षं झालेले माझ्या ओळखीचे म्हणजे तेच, कोट्याचं बोलणारे. दुसरं कोणी सुचवेल का? आणि नमुना असेल तर पाठवा.

आल्तिनो_निवृत्त
व्यनि (खासगी निरोप) केला आहे. फोंड्यातच माझे एक जुने सहकारी आहेत, सोमवारी दुपारच्या सुट्टीत भेटा. फाइल घेऊन जा, ते वकालतनामे तपासल्याशिवाय सही करत नाहीत.

डिचोलकर
आणि मासळीच्या भावाचा वेगळा धागा काढा रे कोणीतरी, मावशी थांबल्यात.